रिकामा समुद्र

वाशिम जिल्ह्यात जन्मलेल्या माणसानं समुद्रावर लिहावं म्हणजे जरा अतीच झालं. आमच्या रिसोडकडं पाणी म्हणजे पैनगंगा, आणि उन्हाळ्यात तीही भेटेलच असं नाही. तरी गेले तीन-चार विकएंड मी ओडिशातल्या चांदीपूर नावाच्या किनाऱ्याबद्दल मिळेल ते वाचत बसलोय. कारण आमचे बाबा.

मध्ये ते पुण्याला आले होते. टीव्हीवर कुठल्याशा क्षेपणास्त्राच्या चाचणीची बातमी चालली होती. बंगालच्या उपसागरात ठरलेल्या जागी अचूक पडलं वगैरे. बाबा म्हणाले, "पडलं म्हन्ते, पन कोनाच्या वावरात पडलं?" मी म्हटलं, समुद्र आहे तो, वावर नाही. तर म्हणे, "मासोया धरनाऱ्याचं वावर तेच नसते काय?"

बाबांच्या या प्रश्नामागं इतिहास आहे. आमचं पाच एकर वावर एका तलावात गेलं, तेव्हा कुठल्याशा कागदावर त्यातला अर्धा तुकडा 'पडीत' लिहिलेला होता. त्या पडीत जमिनीत दरवर्षी तूर व्हायची. मोबदला मात्र पडीतचाच मिळाला. असो.

तर चांदीपूर. बालासोर शहरापासून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवर. इथला समुद्र मोठा गमतीशीर आहे, ओहोटीला तो चक्क पाच किलोमीटरपर्यंत मागं जातो. सकाळी लाटा होत्या तिथं दुपारी माणसं चालत खेकडे शोधतात. इंग्रजांना यातली वेगळीच सोय दिसली. समुद्रात तोफगोळा डागायचा, ओहोटी लागली की चालत जाऊन उचलून आणायचा आणि तपासायचा! १८९५ मध्ये त्यांनी इथं तोफा-दारूगोळ्याच्या चाचणीचं केंद्र काढलं. ते आजही आहे, प्रूफ अँड एक्सपेरिमेंटल एस्टॅब्लिशमेंट या नावानं. क्षेपणास्त्रांची इंटिग्रेटेड टेस्ट रेंज शेजारीच, पण ती १९८० च्या दशकातली.

आता जरा आमच्या धंद्यातलं बोलतो. कोड लिहिणं सोपं, टेस्ट करणं अवघड, हे तुम्हाला माहीतच आहे. आपल्याकडं निदान प्रोग्राम क्रॅश झाला तर पुन्हा चालवता येतो. क्षेपणास्त्र एकदाच उडतं. त्यामुळं उडत असताना ते जे सांगेल तेच तुमचं लॉग. आतला दाब, तापमान, वेग, कंट्रोल सिस्टिमची स्थिती, सगळं रेडिओवरून सतत खाली येत असतं. याला टेलिमेट्री म्हणतात. शिवाय ते स्वतःबद्दल जे सांगतंय ते खरं का, हे ताडायला किनाऱ्यावर रडार आणि मोठ्या दुर्बिणी बसवलेले कॅमेरे. पृथ्वी गोल असल्यामुळं लांब गेलेलं क्षेपणास्त्र क्षितिजाखाली जातं, मग शेवटचा टप्पा बघायला समुद्रात जहाजं उभी करावी लागतात. एप्रिल २०१२ मध्ये अग्नि-५ ची पहिली चाचणी झाली, तेव्हा पल्ला पाच हजार किलोमीटरच्या घरातला होता. एवढी सरळ, मोकळी रेघ जमिनीवर कुठून आणणार? म्हणून समुद्र.

मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे सेफ्टीचा. उड्डाण चालू असताना कॉम्प्युटर क्षणोक्षणी एकच गणित करत असतो: आत्ता, या क्षणी, इंजिन बंद पडलं तर हे कुठं आदळेल? तो बिंदू नकाशावर सरकत राहतो. नकाशावर आधीच आखलेल्या हद्दी असतात. बिंदू हद्दीबाहेर जायला लागला, की बटण दाबून क्षेपणास्त्र हवेतच नष्ट करायचं. इतकं स्वच्छ एक्सेप्शन हँडलिंग मी तरी आमच्या कुठल्या प्रोजेक्टमध्ये पाहिलेलं नाही.

आणि आपण पुणेकरांनी हे फार परकं समजू नये. पाषाणला ज्या लांबलचक भिंतीशेजारून आपण रोज ट्रॅफिकला शिव्या देत जातो, तिथं आत एआरडीई आणि एचईएमआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळा आहेत. पिनाका रॉकेट एआरडीईचं. त्याच पिनाकाची गायडेड आवृत्ती जानेवारी २०१७ मध्ये चांदीपूरहूनच उडवून बघितली. म्हणजे डिझाइन पाषाणला, टेस्टिंग बालासोरला.

पण त्या आखलेल्या हद्दीच्या आत कोण राहतं, हा बाबांचा प्रश्न उरतोच.

१९८० च्या दशकात सरकारला चांदीपूरपेक्षा मोठी, कायमची राष्ट्रीय रेंज हवी होती. जागा ठरली बालियापाल-भोगराईची, बालासोर जिल्ह्याच्याच उत्तरेला, सुवर्णरेखा नदीच्या मुखाजवळ. दिल्लीतल्या नकाशावर तो समुद्रालगतचा एक तुकडा असणार. प्रत्यक्षात तिथं पानमळे होते, काजू, नारळ, भुईमूग, भात. ज्याच्याकडं थोडासाच पानमळा आहे त्याचंही घर चालावं अशी जमीन. आमच्या वऱ्हाडात अंजनगाव सुर्जीकडं पानमळे आहेत, त्यामुळं वेल जपायला काय मेहनत लागते ते मला ऐकून ठाऊक आहे. ती जमीन उठवून दुसरीकडं मांडता येत नाही.

लोक अडून बसले. १९८५ पासून पुढं काही वर्षं त्यांनी गावात जाणाऱ्या रस्त्यांवर अडथळे उभारले, पहारे ठेवले. सरकारी गाडी दिसली की शंख फुंकायचे, थाळ्या वाजवायच्या. तेवढ्यात बायाबापड्या, पोरंसोरं सगळी रस्त्यावर आडवी. त्यावर 'व्हॉइसेस फ्रॉम बालियापाल' नावाचा माहितीपटही निघाला, १९८८ चा. शेवटी रेंज बालियापालला झालीच नाही. देशाची क्षेपणास्त्रं त्यामुळं अडली का? नाही. २२ मे १९८९ ला पहिलं अग्नि चांदीपूरहूनच उडालं (त्याआधी दोनदा अगदी शेवटच्या सेकंदांत काउंटडाउन थांबलं होतं), आणि लांब पल्ल्याच्या चाचण्यांसाठी भद्रक जिल्ह्याच्या किनाऱ्यापलीकडचं व्हीलर बेट वापरात आलं. २०१५ पासून त्याचं नाव अब्दुल कलाम बेट.

माझं मत विचाराल तर, रेंज हवीच. टेस्ट न करता शस्त्र सैन्याच्या हातात देणं हा गुन्हा आहे. पण बालियापालचे लोक देशद्रोही होते असं जे तेव्हा काहींनी म्हटलं, ते मला पटत नाही. त्यांनी फक्त आपली जमीन पडीत नाही एवढं सांगितलं, आणि ते ऐकल्यावर दुसरा पर्याय सापडला.

इथं एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. १७५१ नंतर ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडं होतं आणि त्यांची हद्द होती हीच सुवर्णरेखा. म्हणजे बालियापाल हे एका अर्थी मराठी राज्याचं टोक! १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगड इथं भोसले इंग्रजांकडून हरले, आणि आमच्या वऱ्हाडातल्या देवगावला झालेल्या तहात बालासोर बंदरासह कटक प्रांत इंग्रजांना गेला. त्याच तहानं वर्धा नदीच्या पश्चिमेचा भोसल्यांचा मुलूखही गेला, तो निजामाकडं. बालासोर आणि वऱ्हाड एकाच कागदावर हातचे गेले. शाळेत हे कुणी शिकवलं नव्हतं.

चांदीपूरला आजही चाचणीच्या दिवशी जवळची गावं तात्पुरती रिकामी करतात. जुलै २०२४ मध्ये, शत्रूचं क्षेपणास्त्र हवेत पाडण्याच्या यंत्रणेच्या चाचणीवेळी, साडेतीन किलोमीटरच्या आतल्या दहा गावांतून दहा हजारांहून जास्त माणसं हलवली होती. त्यांना पैसे मिळतात, साधारण एका दिवसाच्या मजुरीच्या हिशोबानं. चाचणी संपली की परत घरी. बालियापालच्या मानानं हे बरंच, हे कबूल.

कोळ्यांचं गणित मात्र जास्त किचकट आहे. कलाम बेटाच्या शेजारीच गहिरमाथाचा किनारा आहे, जिथं ऑलिव्ह रिडले कासवं लाखोंनी अंडी घालायला येतात. त्यांच्यासाठी २०२३ च्या हंगामात जानेवारी ते मार्च बेटावरच्या चाचण्या थांबवायचं ठरलं होतं. चांगलंच झालं. पण त्याच कासवांसाठी ओडिशाच्या किनाऱ्यावर धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांजवळ १ नोव्हेंबर ते ३१ मे वीस किलोमीटरपर्यंत मासेमारीला बंदी असते. शिवाय माशांच्या विणीसाठी १५ एप्रिल ते १४ जून पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक बोटी बंद. मग पावसाळ्याचं वादळी हवामान. आणि मधूनमधून चाचणीची नोटीस, की अमक्या दिवशी अमक्या टापूत जाऊ नये.

मी हे सगळं एका एक्सेलमध्ये बारा रकाने करून मांडलं आणि बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "मंग बोटीचा हप्ता कोन्त्या महिन्यात भरते तो?"