बूट झालं म्हणजे झालं नाही

विंडोज एक्सपीचा बूट होणारा पेनड्राइव्ह बनवता येणाऱ्याला नव्या विंडोजचा बनवता येतोच; उलट होईलच असं नाही. माझ्या दुकानात काम शिकायला येणाऱ्या पोरांना हे ऐकवलं की ती हसतात. त्यांचंही बरोबर आहे. विंडोज १० किंवा ११ चा पेनड्राइव्ह म्हणजे रूफस हे साधन उघडायचं, विंडोजची आयएसओ फाइल दाखवायची, स्टार्ट दाबायचं आणि चहा पिऊन यायचं. मी म्हणतो, आता तेवढंच एक्सपीसाठी करून दाखव. पेनड्राइव्ह तयार होतो. मशीन त्यावरून चालूही होतं. निळा पडदा येतो, तळाच्या पट्टीत एकेका ड्रायव्हरचं नाव सरकू लागतं. पोरगं माझ्याकडे बघतं, झालं की! मी काही बोलत नाही. पट्टीत ‘सेटअप इज स्टार्टिंग विंडोज’ उमटतं, क्षणभर सगळं थांबतं आणि पडदा पुन्हा निळा होतो. आधीची निळाई सेटअपची, ही मरणाची. मधोमध स्टॉप असं लिहिलेलं असतं, पुढे शून्यांची रांग आणि शेवटी ७बी.

एक्सपी अजून वापरतं कोण, असं शहरातला मुलगा विचारतो. त्याला मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत घेऊन जाईन. तिथल्या एका शेडमध्ये वायरकट मशीन आहे. अगदी बारीक तारेनं पोलाद कापणाऱ्या या मशीनचा सगळा कारभार शेजारच्या धूळ खाल्लेल्या सीपीयूवर चालतो. त्या सीपीयूत पीसीआय स्लॉटमध्ये एक कार्ड आहे, आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे कधी निघालाच नाही. हार्डडिस्क उडाल्यावर मालकांचा फोन आला. मी म्हटलं, “मालक, नवा पीसी बघायचा का?” ते म्हणाले, “दादा, नवा घ्यायला माझी कुठं ना हाय? पर ह्ये कार्ड बसवायला त्यात जागाच नसत्या म्हणं.” त्यांचं ऐकणं खरं होतं. नव्या मदरबोर्डांवरून जुना पीसीआय स्लॉट गेला. म्हणजे लाखांच्या मशीनला चालू ठेवायचं तर जुना बोर्ड, जुनी रॅम आणि जुनं विंडोज, दुसरा रस्ता नाही.

छापखान्यांचंही तेच. पेजमेकर आणि श्रीलिपीवर वर्षानुवर्षं केलेल्या लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, देवस्थानांची पावतीपुस्तकं. हे फाँट युनिकोडच्या आधीचे. ती फाइल दुसरीकडे उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. ‘सगळं युनिकोडमध्ये करून घ्या’ असा सल्ला देणाऱ्यानं आधी एका जुन्या अहवालाची तक्त्यांसकट चार पानं रूपांतरित करून, मुद्रितं वाचून दाखवावीत.

तर, ७बी. त्याचा अर्थ कळला की हे सगळं काम कळलं, असं माझं मत आहे.

मशीन चालू झालं की बायोस, म्हणजे मदरबोर्डावरचा मूळ प्रोग्राम, ज्यावरून बूट करायचं त्या डिस्कचा पहिला सेक्टर उचलतं. ५१२ बाइटांचा तुकडा. त्यातले पहिले ४४६ बाइट म्हणजे प्रोग्राम, पुढचे ६४ बाइट म्हणजे चार पार्टिशनांची नोंद, आणि शेवटचे दोन बाइट म्हणजे ५५ आणि एए ही सही. सही नसेल तर बायोस सहसा त्या पेनड्राइव्हकडे ढुंकून बघत नाही, मग आत चित्रपट असो की विंडोज. आयएसओमधल्या फाइली नुसत्या पेनड्राइव्हवर ओढून टाकल्या तर जुन्या मशीनवर तो बूट होत नाही, तो याचमुळे. फाइली पोचतात, हा पहिला सेक्टर पोचत नाही.

सही सापडली की बायोस तो छोटा प्रोग्राम चालू करतं, तो लोडरला बोलावतो, लोडर कर्नल म्हणजे विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर एकेक करून मेमरीत आणतो. या सगळ्या वेळात पेनड्राइव्ह वाचण्याचं काम बायोसच करत असतं. यूएसबी कसं वाचायचं, हार्डडिस्क कुठल्या पद्धतीनं जोडली आहे, याची चिंता विंडोजला नसते. मग कर्नल कारभार हातात घेतो आणि बायोसची मदत तिथंच संपते. वाटाड्यानं गावाच्या वेशीपर्यंत आणून सोडावं आणि पुढची गल्ली आपली आपण शोधावी, तसं. एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरात बाजारात आलं. त्याला ओळखीच्या गल्ल्या मुख्यतः दोन, सीडी ड्राइव्ह आणि आयडीई हार्डडिस्क. साटा डिस्कची एएचसीआय पद्धत त्याच्यानंतर आली. मघापर्यंत ज्या डिस्कशी बायोस गप्पा मारत होतं, ती कर्नलला दिसतच नाही. ७बी म्हणजे एवढंच. कधी निळ्या पडद्याऐवजी ‘हार्डडिस्क सापडली नाही’ असा सभ्य निरोप येतो, दुखणं एकच.

सोपा उपाय असा की बायोसमध्ये जाऊन साटा मोड एएचसीआयवरून आयडीईवर आणायचा. जी-३१ आणि जी-४१ चे बोर्ड आम्हा दुरुस्तीवाल्यांना प्रिय आहेत ते याचसाठी. तिथं बहुधा हा प्रश्न येतच नाही. एच-६१ वर मोड बदलावा लागतो. बदलायची सोयच नसेल, तर सेटअपच्या सुरुवातीला एफ६ दाबून बाहेरचा ड्रायव्हर देता येतो, पण तो फक्त फ्लॉपीवरून. आज हे वाचून हसू येईल, मात्र एक्सपीनं तो हट्ट शेवटपर्यंत सोडला नाही. म्हणून एनलाइट नावाचं साधन वापरून ड्रायव्हर आधीच आयएसओच्या पोटात घालायचा. अशी तयार केलेली आयएसओ मी बोर्डाच्या नावानं जपून ठेवतो. नुसतं ‘एक्सपी फायनल’ असं नाव दिलेली फाइल पुढच्या वर्षी आपल्यालाच ओळखू येत नाही.

दुसरी अडचण स्रोताची. एक्सपीचा सेटअप आपल्या फाइली सीडीवर शोधतो, तसं त्याच्या एका साध्या मजकूर-फाइलीत लिहिलेलंच असतं. रूफस किंवा विनसेटअपफ्रॉमयूएसबी ही साधनं तिथं बदल करून सांगतात, बाबा रे, तुझ्या फाइली सीडीवर नाहीत, या दुसऱ्या डिस्कवर आहेत.

आणि तिसरी अडचण मला सर्वांत आवडते, कारण ती सगळं संपल्यावर येते. बायोस ज्या डिस्कवरून बूट करतं तिला पहिला क्रमांक देतं. पेनड्राइव्हवरून बूट केलं, म्हणजे पेनड्राइव्ह पहिला आणि हार्डडिस्क दुसरी. एक्सपी प्रामाणिकपणे तसंच आपल्या बूट डॉट आयएनआय फाइलीत लिहून ठेवतो: विंडोज दुसऱ्या डिस्कवर आहे. या फाइलीत मोजणी शून्यापासून असल्यामुळे ते दिसतं ‘आरडिस्क १’ असं. इन्स्टॉलेशन सुरळीत होतं, हिरवळीचा डेस्कटॉप येतो, आपण पेनड्राइव्ह काढून खिशात टाकतो आणि मालकांना म्हणतो, एकदा रीस्टार्ट करून बघा. रीस्टार्ट केल्यावर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत निरोप: हाल डॉट डीएलएल फाइल गहाळ आहे किंवा बिघडली आहे. नवखा मनुष्य ती फाइल शोधत बसतो, दुसऱ्या मशीनवरून उतरवून आणतो, काहीजण तर पुन्हा फॉरमॅट मारतात. फाइल जागच्या जागी ठणठणीत असते. पेनड्राइव्ह निघाल्यामुळे हार्डडिस्क पहिली झाली आणि विंडोज मात्र अजून दुसऱ्या डिस्कच्या दारात उभं आहे, एवढीच भानगड. पेनड्राइव्ह परत लावून आत शिरायचं, आरडिस्कपुढचा १ पुसून ० करायचा, सेव्ह. काम झालं. रूफस हे आधीच ओळखून पेनड्राइव्हच्या पहिल्या सेक्टरमध्येच क्रमांकांची अदलाबदल करतं. पीट बटार्ड यांनी २०११ मध्ये आणलेलं हे साधन फुकट आहे आणि त्याचा कोडही सर्वांसाठी खुला आहे. त्याच्या चौकटीतले ते बारीक पर्याय कुणी वाचत नाही. वाचावेत.

एक्सपीचं इन्स्टॉलेशन दोन टप्प्यांत होतं, हेही लक्षात ठेवायचं. पहिल्यात फाइली उतरतात, दुसऱ्यात २५ अक्षरांची की, तारीख, नाव वगैरे. मधल्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढायचा नाही, कारण काही फाइली अजून त्याच्यावरूनच लागतात. पण त्याच्यावरून पहिला टप्पा पुन्हा सुरू होऊ द्यायचा नाही. बूट करताना कुठलंही बटण दाबण्याची सूचना दिसली की हात मागे. फार लोक इथं गोल गोल फिरतात.

पेनड्राइव्ह कुठला घ्यावा? लहान आणि जुना. ४ जीबीचा, यूएसबी २.० चा. जुन्या बायोसला मोठे, चकचकीत ड्राइव्ह पचत नाहीत. पोर्ट मागचा, थेट बोर्डावरचा; कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टाची वायर कितीदा सैल असते ते आम्हाला विचारा. आणि एसएसडी लावणार असाल तर पार्टिशन एक्सपीला करू देऊ नका. तो पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतो, एसएसडीच्या आतल्या खणांशी ते जुळत नाही आणि ती विनाकारण संथ होते. विंडोज ७ च्या डिस्कपार्टनं आधी पार्टिशन करून ठेवावं, मग एक्सपीनं त्यात मुकाट्यानं बसावं.

विंडोज ७ हा मधल्या पिढीतला प्रकार. २००९ च्या ऑक्टोबरात आलं, पेनड्राइव्हवरून सहज बूट होतं, तक्रार नाही. पण इंटेलच्या सहाव्या पिढीच्या, म्हणजे २०१५ नंतरच्या बोर्डावर लावलं की ‘इन्स्टॉल नाऊ’चं बटण समोर दिसतं आणि माउस हलत नाही. कीबोर्डही मेलेला. बायोसमध्ये दोन्ही व्यवस्थित चालत होते! पुन्हा तीच वेस. या बोर्डांवरचा जुना यूएसबी कंट्रोलर गेला, सगळे पोर्ट यूएसबी ३.० च्या कंट्रोलरवर आले आणि त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये नाही. गोल पिनेचा जांभळा पीएस-टू कीबोर्ड असेल तर तेवढ्यापुरतं भागतं. नाहीतर डिझम हे विंडोजचं साधन वापरून तो ड्रायव्हर बूट डॉट विम आणि इन्स्टॉल डॉट विम या दोन्ही फाइलींत घालायचा. दोन्हीत. नुसत्या बूट डॉट विममध्ये घातला तर सेटअप पार पडतो आणि डेस्कटॉपवर आल्यावर माउस पुन्हा मरतो.

मॅकची गोष्ट निराळी. ॲपलनं मॅकच्या मॅव्हेरिक्स आवृत्तीपासून इन्स्टॉलरच्या आतच पेनड्राइव्ह बनवणारी आज्ञा दिलेली आहे, टर्मिनलमध्ये एक ओळ टाकली की झालं. तिथं आडवी येते तारीख. जुन्या इन्स्टॉलरांवरच्या डिजिटल सहीची मुदत २०१९ च्या ऑक्टोबरात संपली. त्याआधी उतरवून ठेवलेला एल कॅपिटन आवृत्तीचा इन्स्टॉलर आज ‘पडताळणी होत नाही’ म्हणून अडून बसतो. ॲपलकडून तोच पुन्हा उतरवून घ्यावा. ते जमत नसेल तर नेट बंद करून मशीनची तारीख मागे नेली की कुरकुर थांबते.

आयएसओ कुठून आणायची, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. मायक्रोसॉफ्ट एक्सपीची आयएसओ आता देत नाही. बाजारात फिरणाऱ्या, कुणीतरी रंगरंगोटी करून दिलेल्या एक्सपीला मी हात लावत नाही. कारखान्याच्या मशीनमध्ये कुणी काय घालून दिलंय कोण जाणे. मूळ सीडीवरूनच आयएसओ काढायची, तिचा हॅश, म्हणजे फाइलीचा ठसा, काढून वहीत लिहायचा आणि दर वेळी ताडून बघायचा. रूफसही जपून ठेवायचं. चौथ्या आवृत्तीपासून ते विंडोज ८ च्या खाली चालत नाही. विंडोज ७ वर ३.२२ आणि एक्सपीवर २.१८ ही शेवटची.

आणि असं बसवून दिलेलं एक्सपी नेटला जोडायचं नाही. यावर माझी गिऱ्हाइकांशी भांडणं होतात. त्याचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हे खंडणीखोर मालवेअर आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टला या सेवानिवृत्त विंडोजसाठी मुद्दाम पॅच काढावा लागला. एटीएममधलं एक्सपी टप्प्याटप्प्यानं काढा, असं रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये सगळ्या बँकांना बजावलं. वायरकट मशीनला नेट लागत नाही. ड्रॉइंग पेनड्राइव्हवरून नेता येतं, तोही आधी दुसरीकडे तपासून. मालकांच्या पोराला त्यावर गाणी ऐकायची असतील तर त्यानं मोबाइलवर ऐकावीत.

तुमच्या प्रेसमध्ये, वर्कशॉपमध्ये असं मशीन चालू असेल तर एक विनंती आहे. ते बंद पडायची वाट बघू नका. हार्डडिस्क जिवंत आहे तोवर क्लोनझिलानं तिची पूर्ण प्रत काढून घ्या. कॅबिनेटच्या बाजूला चिकटवलेल्या स्टिकरवरच्या कीचा फोटो काढा, ती शाई पुसट होत चाललेली असते. विंडोजच्या सीडीची आयएसओ काढा. आणि मशीनसोबत आलेली ती दुसरी, कार्डाच्या ड्रायव्हरची साधी सीडी ड्रॉवरच्या तळाशी पडली असेल, तिची तर सगळ्यांत आधी. विंडोजचा पेनड्राइव्ह मी अर्ध्या दिवसात बनवून देतो. तो ड्रायव्हर बहुतेक वेळा कुठंही मिळत नाही.