मधल्या पाच प्लेटा

जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजनचं उद्दिष्ट ठरवलं. तेव्हापासून इलेक्ट्रोलायझर हा शब्द वर्तमानपत्रांत वारंवार दिसतो. तो दिसला की मला मीरा रोडच्या पूनम सागरमधले, आमच्या शेजारच्या विंगमधले काका आठवतात. पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात, एवढं पाठ्यपुस्तकात होतं. प्लेटा कशा लावायच्या, हे मात्र काकांनी शिकवलं. त्याच विद्येवर पुढे माझी नोकरी उभी राहिली. त्यांना आपलं नाव कुठे छापून आलेलं आवडलं नसतं, म्हणून ते लिहीत नाही; ऋण तेवढं लिहिते.

काका ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका अल्कली कारखान्यातून निवृत्त झालेले. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा, क्लोरीन आणि हायड्रोजन काढायचा, त्या सेलहाउसमध्ये त्यांची हयात गेली. भाईंदरची मिठागरं दिसली की म्हणायचे, "त्या पांढऱ्या ढिगात क्लोरीन बसलाय बघ." अकरावीत विज्ञान प्रदर्शनासाठी मी पाण्याचं विघटन करणारा सेल करायचा म्हटल्यावर त्यांनी पहिली अट घातली ती मिठाचीच. शाळांमधून सर्रास मीठ टाकतात, पण मग धन प्लेटवर ऑक्सिजनबरोबर क्लोरीनही सुटतो आणि बंद खोलीत तो छातीत जातो. आमच्याकडे त्या काळी टँकरचं पाणी यायचं, तेही त्यांनी चालू दिलं नाही. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणायचं, त्यात कॉस्टिक थोडं थोडं सोडायचं. पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही, हातमोजे आणि चष्म्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही.

पत्रा भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यांतून मिळाला. तिथे कतरणीचे ढीग असायचे. मी खिशातून चुंबक काढला तेव्हा काकांनी तो परत ठेवायला लावला. भांड्यांच्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही; त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त असतं आणि असल्या सेलमध्ये ते लवकर खराब होतं. "अगं, ग्रेड विचार," म्हणाले, आणि ३१६ चा तुकडा मिळेपर्यंत गाळ्यागाळ्यांतून हिंडले. घरी आल्यावर पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंना आडव्या-उभ्या रेघा मारून घेतल्या, म्हणजे बुडबुडे प्लेटला चिकटून राहत नाहीत.

मग आली मांडणी. माझ्या मनात दोन प्लेटा होत्या: एक धन, एक ऋण, बारा व्होल्टची बॅटरी. काकांनी वहीत गणित मांडायला लावलं. पाण्याचं विघटन तत्त्वतः १.२३ व्होल्टला सुरू होतं. प्रत्यक्षात दोन प्लेटांमधल्या एका फटीला दोनेक व्होल्ट पुरतात. बारा दिले तर उरलेले दहा कुठे जाणार? पाणी तापवण्यात. म्हणून सात प्लेटा, सहा फटी. तारा फक्त पहिलीला आणि सातवीला. मधल्या पाच प्लेटांना काहीच जोडायचं नाही.

"काका, मग त्या कशाला?"

उत्तर न देता त्यांनी मल्टिमीटर माझ्या हातात दिला. प्रत्येक फटीवर दोनच्या आसपास व्होल्ट. तार नसलेल्या प्लेटची एक बाजू ऋण झाली होती, दुसरी धन. एका अंगाने हायड्रोजन, दुसऱ्याने ऑक्सिजन. एकच करंट सहाही फटींतून जात होता आणि प्रत्येक फटीत आपलं काम करत होता. एक ॲम्पिअर तासभर वाहिला की एका फटीत शून्य अंश तापमानाला मोजलेला सुमारे ४२० मिलिलिटर हायड्रोजन निघतो. सहा फटींत त्याच्या सहापट, आणि बॅटरीतून करंट तेवढाच. फॅरडेचा नियम मी पाठ केला होता. तो मीटरच्या काट्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

भोकांवर तर काकांनी अख्खी संध्याकाळ घालवली. पाणी सगळीकडे समान राहावं म्हणून प्रत्येक प्लेटला खाली एक भोक, वायू बाहेर पडावा म्हणून वर एक. ही भोकं एका रेषेत आली तर करंट प्लेटा सोडून पाण्यातल्या त्या वाटेनेच निघून जातो. म्हणून भोकं लहान ठेवायची, एका प्लेटचं डावीकडे, पुढचीचं उजवीकडे. मध्ये रबरी पॅकिंग, सगळीकडे सारख्याच जाडीचं.

या मांडणीत दोन्ही वायू मिसळूनच बाहेर येतात आणि ते मिश्रण स्फोटक असतं. काकांनी ते कधी साठवू दिलं नाही. नळी पाण्याच्या बाटलीतून नेऊन उघड्या हवेत सोडलेली, आसपास स्विच नाही, काडेपेटी नाही. पाणी पिवळसर झालं तर स्टीलमधलं क्रोमियम उतरलंय, ते विषारी आहे, हेही त्यांनीच सांगितलं. ते पाणी गटारात न ओतता कॅनमध्ये भरून, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ओळखीच्या प्लेटिंगवाल्याकडे ते स्वतः घेऊन गेले.

पाण्यावर मोटारसायकल चालवण्याचं वेड तेव्हाही होतं. काकांचं म्हणणं सरळ होतं: फटीला दोन व्होल्ट दिलेस, हायड्रोजन जाळून सगळी उष्णता धरलीस तरी हिशेब १.४८ चाच लागतो. जितकी वीज घातली त्याहून कमीच हाती येतं, म्हणून वीज कुठून आणायची हा खरा प्रश्न. मग ते नांगलची गोष्ट सांगायचे. भाक्रा धरणाच्या विजेवर तिथे पाण्यातून हायड्रोजन काढून खत केलं जाई, आणि १९६२ पासून जड पाणीही. इतक्या मोठ्या प्रमाणावर हे काम आपल्या देशात होऊन गेलंय, याचा त्यांना मनापासून अभिमान होता, आणि तो त्यांनी मला दिला.

पैसे त्यांनी घेतले नाहीत, पत्र्याचेसुद्धा. आईने पाठवलेला डबा तेवढा घेत, तोही आमच्या घरचाच दुसरा डबा परत देऊन.

आज मी अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरच्या स्टॅकवर, म्हणजे एकापुढे एक लावलेल्या सेलच्या जुडीवर, काम करते. आमच्याकडे नवा स्टॅक चालू झाला की पहिल्याच दिवशी प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा लिहिला जातो. कमी दिसला की आधी भोकं आणि पॅकिंग तपासायचं. त्या नोंदवहीतले रकाने अजून तेच आहेत, जे काकांनी माझ्या अकरावीच्या वहीत पट्टीने आखून दिले होते: फट, व्होल्ट, करंट, तापमान, आणि शेवटी शेऱ्यासाठी रुंद जागा.