एकविसाव्या वेताळाचं काय करायचं?

जुनी कॉमिक्स वाचण्यासारखी असतात का, ह्या प्रश्नाला आमच्या घरात दोन उत्तरं तयार आहेत. सौभाग्यवतींच्या मते ती किलोवर घालण्यासारखी असतात. चिरंजीवांच्या मते ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हात न लावता, भाव वाढेपर्यंत ठेवण्यासारखी असतात. वाचण्याचा मुद्दा दोघांच्याही हिशेबात नाही. पण प्रश्न विचारला होता बारा वर्षांच्या नातीने, आणि मला.

आमच्याकडची कॉमिक्स म्हणजे इंद्रजाल. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४मध्ये ही मालिका सुरू केली आणि १९९०मध्ये ती बंद पडली. पहिले ३२ अंक एकट्या वेताळाचे. हा वेताळ मूळचा अमेरिकन. विक्रमादित्याच्या खांद्यावर बसणाऱ्या आपल्या वेताळाशी त्याचं नावापुरतंच नातं. ली फॉक ह्या लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याला तिकडच्या वर्तमानपत्रांत आणलं. सुपरमॅन आला त्यानंतर दोन वर्षांनी. म्हणजे अंगाला चिकटलेला पोशाख घालून अन्यायाशी लढायची वहिवाट सुपरमॅनच्या आधी ह्या गृहस्थाने पाडली.

आता सुपरमॅनला उडता तरी येतं. वेताळाला काहीच येत नाही. गोळी लागली की रक्त येतं, चारचौघांसारखं. त्याचं सगळं बळ एका अफवेत आहे: हा मरत नाही! खरी गोष्ट अशी, की १५३६ सालापासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. आपला वेताळ एकविसावा. म्हणजे चारशे वर्षांत वीस जण खर्ची पडले. सरासरी वीस वर्षं नोकरी, आणि पेन्शन एकालाही नाही. लग्नाचंही तेच. डायना पहिल्याच गोष्टीत भेटली, आणि अक्षता पडल्या १९७७ला. ४१ वर्षं! आपल्याकडे एवढ्या काळात पत्रिका जुळवणारे गुरुजीसुद्धा निवृत्त होतात.

एवढी गंमत असताना 'वाच' म्हणायला माझं काय जात होतं? मी दोन अंक काढून दिले. तासाभराने नात आली आणि म्हणाली, "आजोबा, इतकी माणसं राहतात त्या जंगलात. त्यांना स्वतःचं काहीच का करता येत नाही? दरवेळी हा गोरा माणूस कशाला लागतो?"

मी चष्मा पुसायला घेतला. अडचणीच्या वेळी चष्मा फार उपयोगी पडतो.

प्रश्न खराच होता. कवटीच्या गुहेत सिंहासन, त्यावर चारशे वर्षं एकच गोरं घराणं आणि समोर हात जोडून उभी असलेली प्रजा. हे चित्र आपल्याला अगदीच अनोळखी म्हणता येत नाही. दीडशे वर्षं आपणही त्या रांगेत उभे होतो. आणि कोणाला काय लागेल हे छापणाऱ्यांना कळत नव्हतं असंही नाही. वेताळाच्या मुलखाचं मूळ नाव बंगालची आठवण करून देणारं, म्हणून इंद्रजालात त्याचं 'डेंकाली' झालं. 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले. नावं तेवढी बदलली. सिंहासन होतं तिथेच राहिलं.

मग रद्दीत घालायचं? इथे जुन्या मालिकेचा एक गुण आडवा येतो. ती लांबते, आणि लांबता लांबता तिला काळाशी जमवून घ्यावं लागतं. फॉक १९९९मध्ये वारला, तोपर्यंत वेताळ लिहीतच होता. त्या ६३ वर्षांत खऱ्या आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र झाले आणि वेताळाच्या मुलखातही निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष आला. लामांडा लुआगा त्याचं नाव, व्यवसायाने डॉक्टर, आणि तिथलाच माणूस. डायना संयुक्त राष्ट्रांत नोकरीला लागली. सिंहासन हललं नाही, पण त्याच्या शेजारी लोकशाहीची खुर्ची मांडली गेली. हे एका अंकात दिसत नाही. पुष्कळ अंक वाचले तर दिसतं.

हे मी नातीला सांगितलं. ती म्हणाली, "मग लुआगाचे अंक आधी द्या." आता ती पेन्सिल घेऊन वाचते आणि जिथे पटत नाही तिथे समासात प्रश्नचिन्ह काढते. अंकांचा भाव त्यामुळे नक्की उतरला असणार, पण हे चिरंजीवांना कोणी सांगू नये.

तेव्हा कोणी विचारलंच तर माझा सल्ला असा. पहिल्या अंकापासून व्रत घेतल्यासारखं वाचू नका. मधली एखादी पुरी गोष्ट उचला. साय बॅरी हा चित्रकार १९६१मध्ये आला, त्याच्यानंतरची उचललीत तर चित्रंही देखणी मिळतील. वाचून झाल्यावर नुसती जांभई आली, तर आमच्या सौभाग्यवतींचा वजनकाटा बरोबर आहे. पण कोणाशी तरी तावातावाने भांडावंसं वाटलं, तर पुढचा अंक शोधायला लागा. बापाचा पोशाख न बोलता अंगावर चढवायची सक्ती वेताळावर होती. वाचणाऱ्यावर नाही.