पोर्शे, पप्पा आणि मी

सुरुवातीलाच कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. शाळेत मधल्या सुट्टीत मराठीत बोललं तरी फाईन बसायचा. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी आधी हसले. मग वाटलं, जे सांगायचंय ते इंग्लिशमध्ये मला सांगताच येणार नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तिने बघावं, बाकीचं मी बघते.

तर... 2025 च्या फेब्रुवारीत मी पोर्शे नाईन-इलेव्हन चालवली. गेममधली नाही, खरीखुरी. आमच्या वर्गाला हे माहीत आहे, कारण स्टिअरिंगवर हात ठेवलेला फोटो मी स्टेटसला टाकला होता आणि पुढचे दोन दिवस वर्कशॉपमध्ये जॉब फाईल करायचं सोडून सगळे मला 'कोणाची गाडी?' हेच विचारत होते. मी सांगितलं, फॅमिली फ्रेंडची.

फर्स्ट इयरला ओळखपरेड झाली तेव्हाही मी असंच काहीतरी सांगितलं होतं. पप्पा काय करतात? 'ऑटोमोबाईल लाईनमध्ये आहेत.' खोटं नाही ना? एकोणीस वर्षं ते एकाच साहेबांची गाडी चालवतात.

साहेब माणूस चांगला आहे हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून गैरसमज व्हायचा. माझ्या शाळेच्या ॲडमिशनला त्यांनीच शब्द टाकला होता. त्यांचं साठावं वर्ष लागलं आणि त्यांनी ठरवलं की आता नाईन-इलेव्हन घ्यायची. तरुणपणी म्हणे हॉस्टेलच्या भिंतीवर तिचं पोस्टर होतं. (आमच्या हॉस्टेलच्या भिंतींवर काय असतं ते इथे लिहीत नाही.) पप्पांनी कधीतरी गाडीत अभिमानाने सांगितलं असणार की मुलगी मेकॅनिकलला आहे. साहेब म्हणाले, रविवारी टेस्ट ड्राईव्हला तिलाही आण, तिला कळेल त्यातलं.

मला कळेल त्यातलं! थर्मोमध्ये काठावर पास झालेली मी. तरी शनिवारी रात्री जागून अभ्यास केला, व्हायव्हाला करते त्याहून जास्त. ही गाडी पहिल्यांदा 1963 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ठेवली तेव्हा तिचं नाव होतं 901. पण मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो कंपनीने हक्क सांगितला, म्हणून शून्याचा एक झाला. इंजिन सहा सिलिंडरचं, बॉक्सर, म्हणजे तीन सिलिंडर एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला, सगळे आडवे झोपलेले. आणि ते बसवलंय कुठे, तर मागच्या ॲक्सलच्याही मागे! कुठल्याही सरांनी हे डिझाईन शीटवर पाहिलं असतं तर रिपीट मारला असता. गाडीचं साधारण साठ टक्के वजन मागच्या चाकांवर. वळणात घाबरून अचानक पाय काढला की जुन्या नाईन-इलेव्हनची शेपटी पुढे यायला बघायची. कंपनीने इंजिन तिथून हलवलं नाही. साठ वर्षं बाकी सगळं सुधारत त्या शेपटीला वळण लावलं.

शोरूम वरळीच्या बाजूला. आत गेल्यावर एसीचा वास, चामड्याचा वास, आणि इतकी स्वच्छ फरशी की मी चपलांकडे बघितलं. साहेबांच्या मागून मी आत गेले. पप्पा बाहेर, गाडीपाशी. यात विशेष काहीच नव्हतं, ते नेहमी गाडीपाशीच असतात.

तिथला एक्झिक्युटिव्ह माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठा असेल. इंग्लिशमध्ये मी प्रश्न विचारायला लागले. गिअरबॉक्स ड्युअल क्लच म्हणजे एक क्लच एकी गिअर्सचा आणि दुसरा बेकीचा ना? शून्य ते शंभर 4.1 सेकंद, बरोबर? तो खुलला. साहेबही खूश. मग त्याने साहेबांना विचारलं, ''युअर डॉटर, सर?'' साहेब हसून म्हणाले, ''बेटी जैसी ही है.'' त्यातलं त्याने 'बेटी' तेवढं ऐकलं.

मी काहीच बोलले नाही. कॉफी आली, ती घेतली.

थोड्या वेळाने तो मला म्हणाला, मॅडम, तुमच्या ड्रायव्हरला गाडी जरा पुढे घ्यायला सांगता का, डेमो कार बाहेर काढायचीय. आणि माझ्या तोंडून अगदी सहज निघालं, ''शुअर, आय विल टेल हिम.''

हिम.

मी बाहेर गेले. पप्पा दुसऱ्या ड्रायव्हरशी बोलत उभे होते. म्हटलं, ''पप्पा, गाडी पुढे घ्यायला सांगितलीय.'' ते ''बरं'' म्हणाले आणि किल्ली काढता काढता विचारलं, ''काही खाल्लंस का आत? सकाळपासून उपाशी आहेस.''

परत आत आले तर टेबलावर फॉर्म होते. जो चालवणार त्याने भरायचा. साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं की ही पण थोडी चालवेल. माझं लायसन्स एक्झिक्युटिव्हने घेतलं आणि तोच बघून बघून भरायला लागला. नाव. नंबर. लायसन्सवर वडिलांचं नाव छापलेलं असतं हे मला त्या क्षणी आठवलं. त्याचं पेन थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, साहेब एका गाडीच्या चाकात डोकावत होते. त्याने पुढचं भरलं आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. सही करताना मी पाहिलं. 'रिलेशन विथ कस्टमर' हा रकाना त्याने कोरा ठेवला होता. पेन माझ्या हातात होतं. मी खाली सही केली आणि फॉर्म परत दिला.

असो. आता गाडी.

जाताना साहेब चालवणार, शेजारी एक्झिक्युटिव्ह, आणि मागे मी. नाईन-इलेव्हनला मागे दोन सीट असतात असं म्हणतात. दप्तर ठेवायला ठीक आहेत. गुडघे हनुवटीला लावून बसले तेव्हा कळलं की माझ्या पाठीमागे एका हातावर इंजिन आहे. सुरू झालं तेव्हा आवाजाआधी कंबरेला कळलं. एक्झिक्युटिव्ह वळून मला माहिती सांगत होता. या गाडीला रस्ता ओला असल्याचं आवाजावरून कळतं, चाकाच्या घरात सेन्सर आहेत, पाणी उडाल्याचं ते ऐकतात. मला पप्पा आठवले. पहिल्या पावसात ते काच दोन बोटं खाली घेतात. एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, रस्ता ऐकायला. पहिल्या सरीत रस्त्यातलं ऑईल वर येतं, तेव्हाच गाड्या घसरतात.

कोस्टल रोडवर वेगमर्यादा ताशी 80, बोगद्यात 60, आणि वर कॅमेरे. गाडीचा टॉप स्पीड 294. म्हणजे गणिताच्या भाषेत, दोन कोटींतले साधारण दीड कोटी डिकीत बंद! तरी साहेब त्या 80 पर्यंत ज्या पद्धतीने पोचत होते ना... पाय दाबला की माझं डोकं मागे, सोडला की पुढे. वीस वर्षं त्यांनी स्वतः गाडी चालवलेलीच नव्हती. मलबार हिलखालच्या बोगद्यात इंजिनाचा आवाज भिंतींवरून परत आला तेव्हा ते शाळेतल्या मुलासारखे ओरडले. मला बरं वाटलं. पण मरीन ड्राईव्हच्या पहिल्या सिग्नलला त्यांनी ब्रेक मारला आणि माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

पुढे वळून आल्यावर कडेला थांबून म्हणाले, ''बेटा, तू घे.''

मी गाडी शिकले कंपनीच्या जुन्या ओम्नीवर, एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यांवर, रविवारी. ओम्नीला हसू नका. इंजिन पुढच्या सीटखाली, ताकद मागच्या चाकांना, म्हणजे रीतसर मिड-इंजिन, रिअर-व्हील ड्राईव्ह. त्या अर्थी मी सुपरकारवरच शिकलेय, फक्त 796 सीसीच्या. पप्पा शेजारी बसून एकच गोष्ट हजारदा सांगायचे. गाडी थांबायच्या अगदी आधी, शेवटच्या हातभर अंतरात, ब्रेकवरचा पाय हलका कर. मागे साहेब पेपर वाचत असले तर पान हलता कामा नये. तेव्हा मला ती ड्रायव्हरकीची शिकवण वाटायची. मला नोकरी थोडीच करायचीय, असंही एकदा म्हणाले होते मी.

नंतर थिअरी ऑफ मशिन्समध्ये कॅम आले. आपण सगळ्यांनी ते आलेख काढलेत. डिस्प्लेसमेंट, व्हेलॉसिटी, ॲक्सिलरेशन, आणि त्याच्याखाली जर्क, म्हणजे ॲक्सिलरेशन किती वेगाने बदलतं ते. सिंपल हार्मोनिकमध्ये फॉलोअर थांबून राहतो तिथे ॲक्सिलरेशन एकदम शून्यावर पडतं, म्हणून जर्क इन्फिनिटी, म्हणून जास्त स्पीडला सायक्लॉइडल कॅम. सरांनी फळ्यावर ती उभी रेघ काढली आणि मला पप्पांचा डावा खांदा दिसला, सिग्नलला थांबताना किंचित सैल होणारा. ब्रेक सारखाच दाबून ठेवला की गाडी थांबते त्या क्षणी तुम्हाला पुढे ढकलणारं ते सगळं एकदम नाहीसं होतं, आणि डोकं मागे आपटतं. पप्पा एकोणीस वर्षं आलेखातली ती उभी रेघ तिरकी करत होते.

मी सीट पुढे घेतली, आधी आरसे लावले. पहिले पाच मिनिटं घामच. गाडी खूप रुंद वाटते, बाजूच्या टॅक्सीच्या चाकाची टोपी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर. पण स्टिअरिंग... कसं सांगू? खडबडीत पट्टा आला तर तळहाताला तेवढाच कळतो, कमी नाही, जास्त नाही. बोगद्यात साठला चालवली. बाहेर आल्यावर डाव्या हाताला समुद्र, पुढे रस्ता मोकळा. एक्झिक्युटिव्हने स्टिअरिंगवरची गोल चकती 'स्पोर्ट'वर फिरवली आणि म्हणाला, आता. मी पाय दाबला.

4.1 सेकंदांत शंभर म्हणजे सरासरी 0.69 जी. हे मी शनिवारी रात्री काढून ठेवलं होतं. उपयोग शून्य. पोट मागे राहिलं आणि मी पुढे गेले, मागून कोणीतरी पाठीवर दोन्ही हात ठेवून ढकलावं तसं. आकड्याकडे बघेपर्यंत 80 झाले होते आणि पाय काढायची वेळ आली होती. हसत होते मी, जोरात, एकटीच. एवढंच. तेवढ्यासाठी माणसं दोन कोटी देतात, आणि त्या दोन सेकंदांत मला ते अगदी बरोबर वाटलं.

परत शोरूमच्या गेटमधून गाडी आत घेतली तेव्हा पप्पा भिंतीपाशी उभे होते. पोर्शेच्या काचेतून मी दिसल्यावर ते सरळ उभे राहिले, साहेबांची गाडी आली की राहतात तसे. मग मी आहे हे लक्षात येऊन हसले.

साहेब त्यांना म्हणाले, ''ये, बसून बघ.'' पप्पांनी रुमालाने बुटांचे तळ पुसले. आत बसले. पहिल्यांदा आतला आरसा लावला. स्टिअरिंगला हात लावला नाही, मांडीवर ठेवले. एक मिनिटाने उतरून म्हणाले, ''छान आहे. सोसायटीच्या स्पीडब्रेकरला खालून लागेल.'' साहेबांचा चेहरा पडला. एक्झिक्युटिव्ह घाईघाईने म्हणाला, पुढचा भाग वर उचलायची सोय मिळते, ऑप्शनमध्ये. ''मग घ्या,'' पप्पा म्हणाले. ''पण साहेब, तुम्ही मागे कुठे बसणार?''

निघताना एक्झिक्युटिव्ह गाडीपर्यंत सोडायला आला. साहेब मागे बसले होते. तो पप्पांच्या खिडकीपाशी वाकून मराठीत म्हणाला, ''मुलगी मस्त चालवते हो तुमची.'' पप्पांनी मान डोलावली. मी समोर काचेतून बघत राहिले.

साहेबांना घरी सोडून, गाडी लावून, किल्ली वर देऊन आम्ही दादरहून लोकल पकडली. रविवार, बसायला मिळालं. घाटकोपर गेल्यावर मी पप्पांना सगळं सांगितलं. बेटी, हिम, तो कोरा रकाना, आणि मग ऑटोमोबाईल लाईनसुद्धा. सांगताना मी खिडकीबाहेर बघत होते. ते काही बोलले नाहीत. भांडुप गेलं, मुलुंड गेलं. ठाण्याला गर्दी चढली, त्यांनी एका म्हाताऱ्या बाईला जागा दिली आणि माझ्यासमोर दांडी धरून उभे राहिले.

कळव्याच्या पुढे वाकून म्हणाले, ''गेटमधून आत घेतलीस ना, तेव्हा थांबताना झटका दिलास. साहेबांची मान हलली. पाय आधी सोडायचा.''