किल्ली कोणाच्या कमरेला?

देवपूर, धुळे

चि. ताईस,


पत्रिका मिळाली. मागच्या बाजूला तू पेनानं 'मामा, शंभर खाटा होताहेत!' असं लिहिलंस, ते वाचून मामीनं देवापुढे साखर ठेवली आणि मी चष्मा काढून तसाच बसून राहिलो. तू एवढंच विचारलंस की बेघरांच्या निवाऱ्याच्या भूमिपूजनाला येणार का, आणि दोन शब्द बोलणार का. येण्याचं माझे गुडघे ठरवतील. पण दोन शब्दांत माझं भागायचं नाही, म्हणून हे पत्र. विश्वस्तांना वाचून दाखवू नकोस.

शंभर खाटा कशाला गं? बेघर माणसाला खाट हवी असते, हे तुझ्या डोक्यात कोणी भरवलं? आमच्या गल्लीतली ती दोन खोल्यांची जागा तूच ना भाड्यानं घेतलीस, चार बायकांसाठी, घरमालकाच्या हातापाया पडून? पहिल्या दिवशी तुझ्या कार्यकर्तीनं सवयीनं बाहेरून कुलूप घालायला घेतलं, तर ती जामनेरकडची आजी काय म्हणाली? "किल्ली मनाजोडे ऱ्हाऊ दे." आता किल्ली तिच्या पदराच्या गाठीला असते. मीठ आणायला निघाली की कुलूप ओढून बघते, चार पावलं जाते, परत येऊन पुन्हा ओढते. मी ओट्यावर बसून बघत असतो. भुसावळच्या फलाटावर गाठोडं उशाला घेऊन वर्षं काढलेली बाई ही. शंभर खाटांच्या हॉलला किल्ली एकच असते, आणि ती व्यवस्थापकाच्या कमरेला.

आणि जागा तरी कुठली? एरंडोल रस्त्याच्या आत, फाट्यावरून पुढे पायपीट. दात्यानं दिली हे खरं, पण विकली जात नसलेली जमीनच दान होते, हे तुला ठाऊक आहे. जळगावचा मे महिना आणि वर पत्रे! तिथं ना वाणी, ना दवाखाना, ना भांडायला शेजारीण. तू म्हणशील, गावात शेजारी त्रास देतात. देतात की. आमच्या गल्लीतल्यांनी सुरुवातीला 'वेड्या बायका' म्हणून नाकं मुरडली. आता त्यातलीच एक आजीकडून कळण्याच्या भाकरी थापून घेते आणि पैसे द्यायला टाळाटाळ करते. हा त्रास मिळायलाही गावातच राहावं लागतं.

डॉ. भरत वाटवानींचं नाव तू भाषणात घेतेस. घे. कर्जतच्या त्यांच्या 'श्रद्धा' संस्थेचं काम डोंगराएवढं आहे, २०१८ साली मॅगसेसे मिळाला तो उगाच नव्हे. पण त्या कामाचा कणा बघ: रस्त्यावरच्या मनोरुग्णाला आणायचं, बरं करायचं आणि त्याच्या घरी नेऊन पोचवायचं. साठवून ठेवायचं नाही. पोचवायला ज्याला दारच उरलेलं नाही, तो तुझा माणूस. त्याच्यासाठी चेन्नईच्या 'बनियन' संस्थेनं २०१५ च्या सुमारास साधीच गोष्ट केली. वस्तीत घर भाड्यानं घेतलं, चार-पाच जणी एकत्र ठेवल्या, लागेल तेवढी मदत दिली. आपल्याकडे रत्नागिरीतही ते काम आलं. कायदाही तुझ्या बाजूचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं १९ वं कलम काढून वाच. घर नाही किंवा घरचे घेत नाहीत, एवढ्याच कारणावरून कोणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. मग तिथून काढून तुझ्या पत्र्याखाली ठेवलं, तर फरक काय पडला?

रात्रीचा निवारा हवाच, पण तो पालिकेकडून भांडून घे. शहरात लाख वस्तीमागे एक, असं सुप्रीम कोर्टानं २०१० सालीच बजावलंय. जळगावची वस्ती २०११ च्या जनगणनेतच ४ लाख ६० हजार होती. पालिकेचं काम तू अंगावर घेतलंस तर पालिकावाले हात झटकायला टपलेलेच आहेत. हेलसिंकीत साल्व्हेशन आर्मीचा २५० खाटांचा निवारा होता. तो मोडून त्यांनी त्याच इमारतीत ८० च्या आसपास स्वतंत्र घरं केली, भाडेकरार राहणाऱ्याच्या नावावर. म्हणजे जे लोक निवारे बांधून थकले, त्यांनी सोडलेल्या वाटेनं आपण पत्रिका छापून निघालोय.

बांधकामाचं सांगायलाच नको. जळगावच्या घरकुल योजनेत ११,००० वर घरं व्हायची होती, उभी राहिली १,५०० च्या आसपास, आणि त्या घोटाळ्याचा निकाल लागला तो आमच्या धुळ्याच्या कोर्टात, ३१ ऑगस्ट २०१९ ला. तुझा व्यवहार चोख आहे, मला ठाऊक आहे. पण बांधकाम निघालं की संस्थेचा प्रमुख सिमेंटच्या मागे लागतो. आजीच्या गोळ्या संपल्या की नाही, संजय गांधी निराधार योजनेचे पैसे जमा झाले की नाही, आधारवरचा पत्ता बदलला की नाही, हे बघायचं कोणी? कंपन्यांच्या देणग्यांचं म्हणशील, तर त्या इमारतीला पैसे देतात. भाड्याला आणि रात्रपाळीच्या बाईच्या पगाराला देत नाहीत. बरोबर आहे. भाड्याच्या खोलीला कोनशिला बसवता येत नाही ना!

रागावलीस? रागाव. माझी खरी धास्ती वेगळीच आहे. मागे आलीस तेव्हा जेवताना तीनदा फोन घेतलास, बीपीची गोळी पर्समध्ये तशीच पडलेली मामीनं पाहिली. घरमालक, पोलीस ठाणं, तहसील, देणगीदार, सगळीकडे तूच. आमच्या गल्लीतल्यासारखी भाड्याची चार घरं आज तुझ्या पायांवर चालतात. शंभर खाटा चालवायला तू किती दिवस पुरशील? तू आजारी पडलीस तर चेकवर सही कोण करणार? मागेही मी हे विचारलं होतं, तेव्हा तू हसून विषय बदललास.

दात्याला दुखवायचं नसेल तर जमीन राहू दे, शेती कर तिच्यावर. आणि पत्रिका वाटण्याआधी ट्रस्ट डीड, बँकेच्या सह्यांचा कागद आणि भाडेकरार, तिन्हींच्या प्रती मला पाठव. कुरियरनं नको, रविवारी स्वतः घेऊन ये. दुपारची एसटी धर, आणि फोन बंद ठेवून जेवायला बस. मामी शेवभाजी करणार आहे.

तुझा,
मामा