आपला अहवाल आपण वाचावा

परप्रांतात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांना ‘एवढा कागद वाचून दाखव रे’ हे वाक्य नवे नाही. आमच्या बडोद्याच्या घरी आजी देवनागरीतील पोथी अस्खलित वाचीत असे. परंतु दवाखान्यातला गुजराती कागद हाती पडला, की तिला नातवंडांची वाट पाहावी लागे. पुढल्या पिढीने गुजराती लिपी आत्मसात केली आणि ती अडचण मिटली. लिपी शिकता येते. परंतु ज्याची दृष्टी गेली, ज्याला ऐकू येत नाही, किंवा ज्याचे हात थरथरतात, त्याने काय शिकावे? तिथे कागदानेच, म्हणजे आजच्या काळात मोबाईलच्या पडद्यानेच, काही शिकायला हवे, असे आम्हांस वाटते. आमच्या घरातल्या एका अनुभवाने हे मत पक्के झाले आहे.

आमचे नाना, म्हणजे थोरले काका, रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू मंदावली आणि सत्तरीत पूर्णच गेली. परंतु नानांचा स्वभाव स्वस्थ बसण्याचा नाही. मोबाईलमध्ये ‘टॉकबॅक’ नावाची एक सोय असते. ती चालू केली, की बोट फिरेल तिथे पडद्यावर काय आहे ते फोन बोलून सांगतो. दोनदा टिचकी मारली, की हवे ते उघडते. नानांनी ही विद्या दोन महिन्यांत साध्य केली. बँकेतील शिल्लक, वर्तमानपत्र, आवडती नाट्यगीते, सारे काही ते स्वतः उघडू लागले. फोन इतका भरभर बोलतो, की आम्हां डोळसांस त्यातले अक्षर कळत नाही. नानांना मात्र सारे उमगते.

अडले ते शहरातील एका सार्वजनिक रुग्णालयाच्या संकेतस्थळावर. तपासणीची वेळ घ्यावयाची, तर आधी पडद्यावरची वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहावी लागत. त्याला ‘कॅप्चा’ म्हणतात. समोर यंत्र नसून माणूस आहे, याची ती परीक्षा. ती अक्षरे म्हणजे चित्र, आणि त्या चित्राबद्दल फोन काहीच बोलेना. ‘या यंत्राच्या हिशेबी मी माणसांत जमा नाही,’ असे नाना हसून म्हणत. आमच्यापैकी कोणी ती अक्षरे सांगितली, तरी पुढची बटणे बिननावाची. फोन नुसते ‘बटण, बटण’ म्हणे. मोकळ्या वेळा हिरव्या आणि भरलेल्या तांबड्या, एवढाच काय तो भेद. चाचपडता चाचपडता मुदत संपे आणि पान आपोआप मिटे.

वेळ मिळवून देणे आम्हांस जड नव्हते. मन दुखावले ते पुढच्या प्रसंगाने. नानांच्या मूत्रविकाराच्या तपासणीचा अहवाल आला, तो कागदाचे छायाचित्र काढून चढवलेला. फोन मुका झाला. घरात त्या वेळी कोणी नव्हते, म्हणून नानांनी शेजारच्या मुलास हाक मारली. त्याने अगदी चांगल्या मनाने, ओट्यावर बसून, खणखणीत आवाजात सारा अहवाल वाचला. संध्याकाळपर्यंत चार घरांतून प्रकृतीची विचारपूस झाली. रात्री नाना एवढेच म्हणाले, ‘माझ्या दुखण्याची बातमी मला गल्लीबरोबर कळली. ती आधी माझ्या एकट्याच्या कानी यायला हवी होती.’

या वाक्याने आम्ही विचारात पडलो. ‘मदतीला माणसे आहेत ना, मग अडचण कसली?’ असे आपण सहज म्हणून जातो. आपल्या घरांत माणसांची उणीव नाही, हे खरेच. परंतु आजार ही माणसाची अगदी खाजगी वस्तू आहे. ती कोणाला सांगायची, केव्हा सांगायची आणि किती सांगायची, हे ठरविण्याचा अधिकार रोग्याचाच. दुसऱ्याच्या डोळ्यांवाचून ज्याला आपला अहवाल कळत नाही, त्याचा हा अधिकार न बोलता काढून घेतला जातो.

ही तक्रार केवळ आमच्या नानांची नाही. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला कोविडची लस खुली झाली, तेव्हा आरंभी ‘कोविन’वर आगाऊ नोंदणी केल्यावाचून त्यांना लस मिळत नसे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात त्या संकेतस्थळावर दृष्टिहीनांना येणाऱ्या अडचणी एकेक करून नोंदविल्या: ऐकता येईल असा कॅप्चा नाही, लसीच्या मोकळ्या जागांची संख्या कळते पण त्यांचा तपशील कळत नाही, केवळ कळफलकावर काम करता येत नाही, पुरेसा अवधी मिळत नाही. ती यादी वाचताना आम्हांस नानाच बोलत आहेत असा भास झाला. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने निर्णय दिला, की अशा सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. त्या प्रकरणात दृष्टिहीनांबरोबर आम्लहल्ल्यात चेहरा व डोळे गमावलेल्या स्त्रियाही होत्या. ओळख पटविण्यासाठी यंत्र त्यांना ‘डोळे मिचकावा’ म्हणत असे!

कायदा त्याआधीच झालेला आहे. दिव्यांगजन हक्क अधिनियम २०१६ सालचा; त्याचे नियम जून २०१७ मध्ये निघाले आणि सरकारी व खाजगी अशा सर्व सेवा सुगम करण्यास दोन वर्षांची मुदत होती. ती २०१९ मध्येच संपली. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख होती. म्हातारपणी ज्यांचे डोळे, कान व हात थकतात, ते सारेच काही या संख्येत येत नाहीत.

आणि उपाय तरी किती साधे! प्रत्येक बटणाला नाव द्यावे. चित्राखाली त्याचे वर्णन शब्दांत लिहून ठेवावे. रंगाबरोबर ‘मोकळी’, ‘भरली’ हे शब्दही असावेत. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक इतका फरक असावा, असा जागतिक संकेत आहे. फिकट करड्या अक्षरांनी मंद दृष्टीच्या माणसाचे हाल होतात. बहिऱ्या माणसास नुसता दूरध्वनी क्रमांक देऊन भागत नाही. त्याला लिहून विचारण्याची सोय हवी, आणि चित्रफितीखाली मजकूर हवा. घर बांधतानाच उंबरा बेताचा ठेवला, तर पुढे तो फोडावा लागत नाही. तद्वत ही कामे आरंभीच केली, तर खर्च थोडा येतो.

आम्ही नानांना शेजारी बसवून, ते जिथे जिथे अडले ती प्रत्येक जागा टिपून घेतली आणि नऊ कलमांचे पत्र रुग्णालयास धाडले. खाली सही नानांची. पहिल्या पत्रास उत्तर आले नाही. दुसऱ्यानंतर एका तरुण कर्मचाऱ्याचा फोन आला, आणि नानांनी त्याला तासभर सारे समजावून दिले. चार महिन्यांनी कॅप्चा गेला व त्याच्या जागी फोनवर येणारा आकडा आला. अहवालही वाचता येण्याजोग्या अक्षरांत मिळू लागले. वेळांचे हिरवे-तांबडे चौकोन मात्र अजून तसेच आहेत. तिसरे पत्र गेले आहे.

वाचकांस आमची एकच विनंती आहे. आपल्या गावच्या आरोग्यसेवेचे पान एकदा फोनवर उघडावे, बोलण्याची सोय चालू करावी, डोळे मिटावेत आणि तपासणीची वेळ घेऊन पाहावी. जिथे अडाल ती जागा लिहून काढावी, आणि घरातले किंवा शेजारचे जे कोणी रोज तिथे अडतात, त्यांच्या सहीने ती संबंधितांना कळवावी. मोघम तक्रार फायलीत पडून राहते. ‘अमुक पानावरील तिसऱ्या बटणाला नाव नाही’ असे लिहिले, म्हणजे कोणाला तरी ते नाव द्यावेच लागते.