रडायचं कुणाच्या हुकमानं?

आमचा दोस्त गेला. कलापथकात ढोलकी वाजवायचा. आजारपणात उशाशी बसलो की म्हणायचा, "मी मेलो की गळे काढू नका लेकाच्यांनो. च्या करा, गाणी म्हणा."

तसंच केलं. स्मशानात त्रिसरण-पंचशील झालं. परतल्यावर विहारापुढं बसलो. उधारीवाल्याला तो कसा गुंगारा द्यायचा, त्याची एकानं नक्कल केली. वहिनीही पदर तोंडाला लावून हसली. मग त्याचीच ढोलकी काढली. रात्रभर भीमगीतं.

एक म्हातारा कडाडला, "मयताच्या दारात दात काढता? लोक काय म्हणतील?"

कुठले लोक, बाबा? गावात कुणी मेलं की सांगावा घेऊन महारानं कोस कोस पळायचं. सरणाची लाकडं त्यानंच फोडायची. मढ्यावरचं कापड हा म्हणे त्याचा हक्क! ती वतनं १९५८ च्या कायद्यानं मोडली. त्याआधीच, १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत आपण श्राद्ध आणि पिंडदान नाकारलं होतं.

दुसऱ्यांच्या मयताला पिढ्यान्‌पिढ्या राबलो. आपल्या माणसाला कसं पोचवायचं, ते आता आपण ठरवू. डोळे आमचेही भरले होते. भरल्या डोळ्यांनीच गात होतो.

दोस्तांनो, पुण्यानुमोदनाला कर्ज काढून जेवणावळी घालू नका. गेलेला माणूस कसा जगला ते सांगा, हसा, गा. आणि त्याच्या पोरांच्या वह्यापुस्तकांचं बघा. आम्ही त्याच रात्री वर्गणी काढली.

जयभीम.